घर भाड्याने देताय? आधी करार नोंदवा

तुम्ही नोकरीनिमित्त इंदूरला किंवा बेंगळुरूला राहता आणि पुण्यातला फ्लॅट रिकामा पडून आहे. एजंटला पैसे कशाला द्यायचे, म्हणून भाडेकरू तुम्ही स्वतःच शोधलात. माणसं सज्जन वाटली. स्टॅम्पपेपरवर ११ महिन्यांचा करार केला, नोटरीचा शिक्का घेतला आणि किल्ली हातात दिली. झालं का काम?

नाही झालं. तुम्ही कुठेही राहत असलात तरी कायदा घर असेल तिथला लागू होतो.

११ महिन्यांचा गैरसमज

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं १९०८चा नोंदणी कायदा सांगतो. ११ महिन्यांची पद्धत त्यातूनच पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरा फटका वेगळाच आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. भाडं २०,००० ठरलं होतं आणि तो १२,००० म्हणाला, तर काय कराल?

खर्च किती?

लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी गावी येण्याची गरज नाही. महिना २०,००० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट असेल, तर ११ महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क साधारण ६०० रुपये होतं. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंटच्या दलालीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

हेही विसरू नका

* भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. ही सोय ऑनलाइन आहे. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर २४ तासांच्या आत विहित फॉर्म भरा.
* सोसायटीला कराराची प्रत द्या. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच जादा आकार घेऊ शकते.
* भाड्याची पावती द्या, ती देणं बंधनकारक आहे. मिळालेलं भाडं प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवा.

राग आला तरी

भाडं थकलं, मुदत संपली, तरी पाणी किंवा वीज तोडू नका आणि कुलूप बदलू नका. तसं केलंत तर चूक भाडेकरूची असूनही गुन्हेगार तुम्ही ठराल. घर पाहायला जातानाही आधी कळवून, सोयीच्या वेळी जा.

मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल, तर लीव्ह अँड लायसन्सच्या बाबतीत कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाईही मागता येते. मात्र तिथे तुमची बाजू मांडायला तो नोंदवलेला करारच लागतो.

तेव्हा घराची किल्ली देण्याआधी कराराची प्रत हातात घ्या.