बेळगाव : बातमीतलं आणि गल्लीतलं

बँकेतल्या किंवा सरकारी खात्यातल्या माणसाच्या हातात बेळगावच्या बदलीचा कागद पडला, की घरात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग प्रश्न सुरू होतात. ‘तिथं म्हणे सारखं काहीतरी पेटलेलं असतं.’ ‘मुलांच्या शाळेचं काय करायचं?’ ‘बाजारात बोलायचं कुठल्या भाषेत?’ पुण्याकडच्या माणसाला वाटतं, तिथं मराठी बोललं की लोक अंगावर येतात. बंगळूरकडच्या माणसाला वाटतं, तिथं कन्नड बोललं की लोक अंगावर येतात. दोघेही येतात, सामान लावतात. आठ-पंधरा दिवसांत दोघांच्याही लक्षात येतं, की दारावर येणाऱ्या भाजीवालीला दोन्ही भाषा येतात आणि तिला कुणाच्या अंगावर यायला सवड नाही.

पुढची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या माहितीची आहे. तीन वर्षांसाठी आलेला हा माणूस निवृत्तीच्या वेळी टिळकवाडीत नाहीतर हिंदवाडीत जागा बघत फिरताना दिसतो.

बेळगाव म्हणा किंवा १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर आलेलं बेळगावी म्हणा, या गावाबद्दल बाहेर जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या गावाबद्दल क्वचितच असेल. स्थळ सांगून आलं तरी ‘मुलगा चांगला आहे हो, पण बेळगाव...’ असं म्हणून लोक थांबतात. त्या ‘पण’चं उत्तर बेळगावकरांनी कधी नीट दिलं नाही. आपण आपले कुंद्याचा डबा पुढं करतो आणि विषय बदलतो.

एका तारखेचं गाव

गैरसमजाला कारण नाही असं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून दर वर्षी त्याच तारखेला एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडं काळा दिन पाळला जातो. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्यांच्या घरातल्या मागच्या पिढ्यांनी या प्रश्नापायी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, त्यांच्यासाठी हा प्रश्न बातमीपुरता नाही, आणि त्याला लहान म्हणणं कुणालाच शोभणार नाही.

पण वर्तमानपत्रं आणि वाहिन्या बाहेरच्या माणसाला वर्षातली ही एक तारीख दाखवतात. उरलेल्या दिवसांचं बेळगाव त्याला कुणी दाखवतच नाही.

त्याला वैशाखात इथं आणलं पाहिजे. परंपरेप्रमाणं बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते. बसवेश्वरांची जयंती येते तृतीयेला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. दोन महापुरुष, दोन भाषा, आणि दिवस अगदी शेजारी शेजारी. नरगुंदकर भावे चौकात पालखी निघते, चित्ररथांची मिरवणूक रात्र रात्र चालते. मांडववाला, फुलवाला, वीजजोडणी करणारा, बंदोबस्ताचा पोलीस यांना दोन्ही सोहळे सांभाळायचे असतात. पंचांगानं जे एकत्र आणलं ते फार लांब ठेवता येत नाही.

चुलीजवळची सीमा

आपल्या घरांतली गोष्ट तर आणखी वेगळी. सून धारवाडकडची, सासूबाई चंदगडच्या. किंवा आई गोकाकची आणि वडील वडगावचे. अशा घरात सीमारेषा काढायची म्हटली तर ती पोळपाटावरून काढावी लागेल. जोंधळ्याची भाकरी आणि जोळद रोट्टी एकाच तव्यावर होते. पुरणपोळीला कुणी होळगी म्हटलं म्हणून तिच्यातलं पुरण बदलत नाही. पाडव्याला गुढीही उभारली जाते आणि युगादीचं बेवु-बेल्लही हातावर पडतं. कडुलिंब आणि गूळ दोन्हीकडं सारखाच. संक्रांतीला मराठीत तिळगूळ घेऊन गोड बोलायचं, कन्नडमध्ये एळ्ळु-बेल्ल खाऊन चांगलं बोलायचं. ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांचा सण आला, की सीमेअलीकडं ती कारहुणवी आणि पलीकडं, कोल्हापूर भागात, त्याच दिवसाला ‘कर्नाटकी बेंदूर’ म्हणतात.

शब्दांचंही तसंच आहे. आपले अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडच्या घरातून आलेले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांची रांग लागते, तशी इकडून पंढरपूरची वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवली जाते. देवदर्शनाला निघालेल्या माणसाला आपण राज्य ओलांडलं हे समजतं ते रस्त्याकडेच्या पाटीवरून.

दोन्हीकडची माणसं

या मातीतली माणसं पाहिली तरी तेच दिसतं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कन्नड, मूळ नाव शिवपुत्र कोमकली. आणि आज मराठी माणूस त्यांना आपल्या घरचे समजतो. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे निष्ठावंत. लोक त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणत, आणि त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं मराठीत. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात जे काँग्रेस अधिवेशन भरलं, ते त्यांच्याच खटपटीनं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. कन्नड नाडाचं गौरवगीत म्हणून पुढं प्रसिद्ध झालेलं हुयिलगोळ नारायणरावांचं गीत याच अधिवेशनात गायिलं गेलं. आणि याच शहरात मे १९४६ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं जोर धरला. दोन्ही भाषांच्या अभिमानाला या एका गावानं मांडव घालून दिला, हे आपण सहसा एका दमात सांगत नाही.

साहित्याचं सांगायचं तर पु. ल. देशपांडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. ‘गणगोत’मधले त्यांचे रावसाहेब आणि त्यांचं कानडी वळणाचं मराठी बेळगावचंच. इंदिरा संतांची कविता याच गावच्या पावसात वाढली. प्रकाश नारायण संतांचा लंपन जी भाषा बोलतो ती महाराष्ट्रातल्या वाचकाला नवलाची वाटली. आपल्याला ती शेजारच्या घरातून ऐकू येणारी होती. आणि ज्ञानपीठाचे मानकरी कन्नड कवी-नाटककार चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे.

राहायला कसं?

अभिमानानं पोट भरत नाही, हे खरं. म्हणून साध्या गोष्टी पाहू.

समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचं हे गाव. एप्रिलमध्ये सोलापूर-विजापूर भाजून निघतं तेव्हा इथं संध्याकाळी वारा सुटतो. पावसाळा मात्र खराखुरा, कोकणाच्या उंबऱ्यावरचा. गोवा घाट उतरलं की आलं, कोल्हापूर नि हुबळी दोन-अडीच तासांच्या आत. मुंबई आणि बंगळूर साधारण सारख्याच अंतरावर, पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे लेक एकीकडं आणि मुलगा दुसरीकडं असला तरी म्हाताऱ्या आईबापांनी मध्ये राहणं सोयीचं.

गाव फार मोठं नाही. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पाच लाखांच्या थोडी आत माणसं होती. पण मोठ्या शहराच्या सोयी आहेत. १९६३ पासूनचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं मोठं रुग्णालय आहे. सावंतवाडी, चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं दुखणं वाढलं की बेळगावचीच गाडी पकडतात. के.एल.ई. संस्था १९१६ ची. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून इथंच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं असल्यामुळं कॅम्पातले रस्ते आणि झाडं अजून शाबूत आहेत. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची. एवढं जुनं वाचनालय किती शहरांना मिरवता येईल?

आणि बाजार! येळ्ळूरचा बासमती, बेळगुंदी-उचगावकडची रताळी, पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडून येणारा रानमेवा. गोव्याच्या घरात शिजणारी भाजी पुष्कळदा बेळगावच्या बाजारातून गेलेली असते. ती आपल्याला आणखी ताजी मिळते, एवढाच फरक.

कामधंद्याचंही काही अगदीच वाईट नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढं लोखंडी नांगर बनू लागले, जागेची अडचण आली आणि १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात गेला, किर्लोस्करवाडी झाली. बेळगावात किर्लोस्कर रोड तेवढा राहिला. पण लोखंडाशी खेळण्याची ती खोड गेली नाही. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे छोटे-मध्यम कारखाने आज देशभर माल पाठवतात. तिथं बिहारचा पोरगा, खानापूरचा फिटर आणि सौंदत्तीचा वेल्डर एकाच यंत्रावर काम करतात, आणि ‘पाना दे’ हे कुठल्या भाषेत म्हटलं याची नोंद कुणी ठेवत नाही.

उणं ते उणंच

सगळं गोडच सांगितलं तर तो कुंदा होईल, लेख होणार नाही. उन्हाळ्यात राकसकोप तलाव खाली गेला की नळाला पाणी कधी येणार याची चर्चा सुरू होते. २००८ च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाणी देऊन दाखवलं गेलं. ते सगळ्या शहरात पोचवण्याचं काम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं. खडेबाजारात संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर नवस फेडावा. शिकलेल्या मुलांना संगणकाची मोठी नोकरी हवी असेल तर पुणे-बंगळूर गाठावंच लागतं. ताण वाढला की पहिला फटका साध्या प्रवाशाला बसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बस अडल्या, तेव्हा लग्नाला निघालेली वऱ्हाडं आणि दवाखान्याला निघालेले रुग्ण दोन्ही भाषांचे होते. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही ही मराठी माणसाची तक्रार जुनी आहे, आणि ती अजून मिटलेली नाही.

एवढं असूनही माणसं इथं राहतात, आलेली रमतात. हवापाणी, दवाखाने, शाळा ही कारणं आहेतच. पण ती थोड्याफार फरकानं दुसऱ्या गावांतही सापडतील. जे दुसरीकडं सहसा सापडत नाही ते म्हणजे इथल्या साध्या माणसाची दोन भाषांत सहज वावरण्याची सवय. रिक्षावाला तुमच्या तोंडाकडं बघून भाषा ठरवतो आणि चुकला तर वाक्याच्या मध्येच बदलतो. दवाखान्यातली सिस्टर एका खाटेशी ‘जेवलात का आजी?’ म्हणते आणि पुढच्या खाटेशी ‘ऊटा आत एन्री अव्वा?’ दोन्ही आज्यांना वाटतं, ही आपलीच. नवीन माणसाला परकं वाटू न देण्याची ही कला कुठल्या सरकारनं शिकवलेली नाही.

काळजी कशाची?

आणि नेमकी हीच सवय आता सैल होत चालली आहे. भांडण मराठी आणि कन्नडचं दिसतं. पण जरा आपल्या घरातल्या नातवंडांकडं बघा. शाळा इंग्रजी माध्यमाची, खेळ मोबाइलवरचे, कार्टून हिंदीतलं. आजोबांशी अर्धं मराठी, अज्जीशी अर्धं कन्नड, आणि वाचायला दोन्हीतलं काहीच येत नाही. मराठी शाळेचा वर्ग रिकामा होतो तसा कन्नड शाळेचाही होतो. दोन्ही बाजू एकमेकींकडं बोट दाखवत असताना मूल तिसऱ्या दारानं निघून गेलेलं असतं.

ज्या पोराला दोन्ही भाषा येतात त्याला ‘ते’ लोक कसे असतात हे कुणी बाहेरून येऊन सांगू शकत नाही. ‘त्यां’च्यात त्याचा मामा असतो. दोन्ही भाषा गेल्या, की बेळगावबद्दल जे बाहेरच्यांना वाटतं तेच उद्या आपल्या मुलांनाही वाटू लागेल. मग या गावात राहायला हवा चांगली, एवढंच कारण उरेल.

उपाय फार खर्चाचा नाही. ज्या घरात दोन भाषा आहेत त्या घराला शिकवणी लावायचीही गरज नाही. बाजारात जाताना नातवाला बरोबर घ्या. दुकानावरच्या पाट्या दोन लिप्यांत असतात. एक ओळ आजोबांनी वाचावी, दुसरी अज्जीनं. गणपत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतात. महिनाभरात पोरगं दोन्ही ओळी आपली आपण वाचायला लागेल, आणि पाटीवर चूक असली तर तुम्हाला दाखवीलही.