तराफे मोजायचे की मासे?

संशोधनाचा विषय मिळाला तरी ‘नेमकं काय मोजायचं’ इथे गाडी अडते. माझीही अडली होती. म्हणून आज हिंदी महासागरातल्या ट्यूनाचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याचं उदाहरण घेऊ.

खोल समुद्रात ओंडका जरी तरंगत असला, तरी त्याच्याखाली मासे जमतात. पर्ससीन बोटी याचाच फायदा घेतात. त्या तराफे सोडतात, त्यांना खाली दोर आणि वर उपग्रहाशी जोडलेला बोया. बोयातला इको-साउंडर खाली साधारण किती मासे आहेत तेही कळवतो. बोट थेट तिथे जाऊन जाळं टाकते.

मग बिघडलं कुठे? तराफ्याखाली स्किपजॅक भरपूर मिळतो, पण सोबत यलोफिन आणि बिगआय जातींची पिल्लंही येतात. अंडी घालायच्या वयाला पोचण्याआधीच ती संपतात. शिवाय याच समुद्रात मिनिकॉय आणि मालदीवचे मच्छीमार गळाने एकेक ट्यूना धरून पोट भरतात.

म्हणून हिंदी महासागर ट्यूना आयोगाने (भारतही सदस्य आहे) मर्यादा घातली. २०१५ मध्ये एका बोटीमागे एका वेळी ५५० चालू बोये, पुढे ४२५, मग ३५० आणि २०१९ च्या ठरावात ३००.

आकडा उतरला. पण आता संशोधकासारखे प्रश्न विचारा.

१. मोजलं काय? चालू बोये. दूर वाहत गेलेल्या तराफ्याचा बोया बंद केला, की तो मोजणीतून सुटतो, समुद्रातून नाही. तो कुठल्यातरी प्रवाळावर जाऊन अडकू शकतो. म्हणूनच वर्षभरात किती बोये घ्यायचे, यावरही ५०० ची वेगळी मर्यादा आली.

२. तराफे कमी म्हणजे मासेमारी कमी? तसंच असेल असं नाही. मासे कुठे जास्त आहेत हे बोयाच सांगत असेल, तर बोट निवडक तराफ्यांवरच जाळं टाकेल. तेव्हा जाळं किती वेळा टाकलं, हेही मोजायला हवं.

३. ‘दिवसाला किती मासे मिळाले’ यावरून साठ्याचा अंदाज बांधता येईल? पूर्वी बोट शोधत फिरायची, तेव्हा दिवस हे श्रमाचं माप होतं. आता शोधायचं काम बोया करतो. समुद्रात मासे घटले, तरी दिवसाची पकड चांगलीच दिसू शकते.

थोडक्यात, जे मोजायला सोपं ते आणि जे जाणून घ्यायचंय ते, यांत अंतर असतं. तुमच्या प्रस्तावात ते अंतर किती आहे? मार्गदर्शकांनी विचारण्याआधी एका परिच्छेदात लिहून बघा.