तांब्याचे शुद्धीकरण आणि एक साधा भागाकार

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण घरातील विजेच्या तारेतले तांबे ज्या हिशेबातून येते, तो चौथीतल्या भागाकाराचा आहे. फसगत होते ती भाजकात.

भट्टीतून निघालेले तांबे सुमारे ९९ टक्के शुद्ध असते. विजेच्या तारेला तेवढे पुरत नाही. म्हणून त्याचे जाड पत्रे धनाग्र म्हणून मोरचूद व गंधकाम्लाच्या द्रावणात टांगतात. समोर पातळ पत्रे ऋणाग्र म्हणून. वीज सुरू झाली की तांबे एकीकडून विरघळून दुसरीकडे बसते. सोने-चांदी तळच्या गाळात राहते, आणि तो गाळ अर्थातच कोणी फेकून देत नाही! जेम्स एल्किंग्टन यांनी ब्रिटनमध्ये १८६५ साली या रीतीचे पेटंट घेतले.

प्रवाहाला ऋणाग्राच्या क्षेत्रफळाने भागले की प्रवाह-घनता मिळते. समजा, एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा पत्र्याच्या वाट्याला ५०० अँपिअर आले. उत्तर ५०० नव्हे. तांबे दोन्ही बाजूंवर बसते. म्हणून क्षेत्रफळ दोन चौरस मीटर आणि घनता दर चौरस मीटरला २५० अँपिअर. फॅरडेच्या नियमाप्रमाणे एक अँपिअर प्रवाह तासाला १.१८६ ग्रॅम तांबे बसवतो. म्हणजे या पत्र्यावर दिवसाला सुमारे सव्वाचौदा किलो. प्रत्यक्षात थोडे कमीच.

मग घनता दुप्पट का करू नये? कारण पत्र्यावर गाठी येतात, त्या वाढत समोरच्या धनाग्राला टेकतात, आणि वीज तांबे न नेता परस्पर निघून जाते.