विजेच्या लाटेस वाट कोठें करून द्यावी ?

वळवाचे ढग दाटूं लागले कीं कडबा झांकावा, गुरें झाडाखालून हलवावीं, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. परंतु त्याच ढगांतील वीज तारेवरून घरांत शिरून टी.व्ही., फ्रीज व पंपाचा स्टार्टर एका क्षणांत निकामी करिते, याची तजवीज फार थोड्या घरीं दिसते.

आमच्याही घरीं ती नव्हती. मात्र ती आहे असें आम्ही समजत होतों. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक महागडी पट्टी टी.व्ही.च्या मागें लावून आम्ही निश्चिंत होतों. एके सायंकाळीं अर्ध्या फर्लांगावर वीज पडली आणि टी.व्ही., फ्रीज व इन्व्हर्टर तिन्ही गेलीं. नोकरींत असतां दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. घरचा लिहिण्याची पाळी प्रथमच आली. तपासाअंतीं आढळलें तें असें कीं, भिंतींतील ज्या बोर्डांत ती पट्टी खोंचली होती, त्यास अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. फ्रीज व इन्व्हर्टर यांच्या वाटेवर तर कांहींच नव्हतें.

हें यंत्र विजेची लाट गिळीत नाहीं; तिला जमिनींत जाण्यास वाट करून देतें. त्यांतील झिंक ऑक्साइडची चकती 230 व्होल्टांवर स्वस्थ असते. दाब एकदम फार चढला कीं ती तत्काळ वाहक बनून लाट अर्थिंगकडे वळविते, व लाट ओसरतांच पूर्ववत् होते. पाटाला लोंढा आला तर आपण तो शेवटच्या वाफ्यांत अडवितों काय ? पाट शेतांत शिरतो तेथेंच सांडवा काढतों. म्हणून मीटरनंतर, मुख्य स्विचाच्या लगत, घराच्या मुख्य पेटींत ही या यंत्राची पहिली जागा होय. घरावर वीजवाहक कांब उभारली असेल तर टाइप 1, किंवा 1 व 2 असें जोडयंत्र घ्यावें. एरवीं टाइप 2 चालतें. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांचें रक्षण झालें पाहिजे.

जागा बरोबर साधूनही काम बिघडतें तें तारेच्या लांबीमुळें. फेजच्या तारेपासून यंत्रापर्यंत व यंत्रापासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत मिळून तार अर्ध्या मीटरहून अधिक नसावी. प्रवाह दर मायक्रोसेकंदास 1,000 अँपिअर या वेगानें चढत असेल, तर तारेचा प्रत्येक मीटर सुमारें 1,000 व्होल्ट आपल्याकडून वाढवितो, आणि तेवढा भार घरांतील उपकरणांवर पडतो. पुढेंमागें उपयोगीं पडेल म्हणून जादा तारेचें वेटोळें करून पेटींत कोंबण्याची जी संवय वायरमन मंडळींस असते, ती येथें घातक आहे.

मुख्य पेटीपासून सुमारें 10 मीटरांहून दूर मोलाचें उपकरण असेल तर त्याच्याजवळ दुसरें यंत्र द्यावें. आमची पट्टी अशा जागीं, अर्थिंगसह, योग्य ठरली असती. विहिरीवरील स्टार्टरला तर घरच्या यंत्राचा कांहींच उपयोग नाहीं. त्याची जोडणी निराळी, म्हणून यंत्रही निराळें. डिशच्या केबलचें धातूचें आवरण घराच्याच अर्थिंगला जोडावें. मुरमाड जमीन वैशाखांत कोरडी पडते, तेव्हां अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओतण्यास विसरूं नये.

न्यूट्रल तुटून दाब 400 व्होल्टांकडे चढला तर मात्र हें यंत्र तारीत नाहीं, उलट स्वतःच जळतें. त्यासाठीं जादा दाब होतांच वीज तोडणारें साधन वेगळें घ्यावें लागतें. घरावर थेट पडलेल्या विजेपुढें तर कशाचीच हमी देतां येत नाहीं.

परवानाधारक वायरमन बोलावून आम्हीं नवें यंत्र मुख्य पेटींत बसविलें. दोन्ही बाजूंची मिळून तार स्वतः मोजली, ती चौदा इंच भरली. गडगडाट होऊन गेला कीं आम्ही पेटी उघडून यंत्राची खिडकी पाहतों. ती हिरवी आहे तोंवर ठीक. लाल झाली कीं आंतील चकती बदलावयाची.