मार्गदर्शक ठरवावा कोणी?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरता येते. १२ श्रेयांकांचा प्रकल्प त्याने एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली पुरा करावयाचा असतो. गुण ठरले, श्रेयांक ठरले. कोणता विद्यार्थी कोणाकडे जावा, हे मात्र पुष्कळ ठिकाणी हजेरीपटच ठरवितो. पहिले आठ क्रमांक एका प्राध्यापकांकडे, पुढचे आठ दुसऱ्यांकडे. ऊसतोडणी मजुरांच्या स्थलांतराविषयी कुतूहल असलेली मुलगी मग बँकव्यवहार शिकविणाऱ्यांच्या वाट्याला येते आणि ग्राहकांच्या समाधानाची प्रश्नावली घेऊन हिंडते. (ग्राहक बहुधा समाधानी निघतात!)

'जो आधी येईल त्याला' ही दुसरी रीत वरकरणी न्याय्य दिसते. वस्तुतः तीत लाभ होतो तो ज्यांची प्राध्यापकांशी आधीच ओळख आहे त्यांना. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी घुटमळून परत फिरतो.

येथे किंमत नाही, म्हणून बाजाराचा नेहमीचा नियमही उपयोगी नाही. अशा वाटपाचा मार्ग डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या गणितज्ञांनी १९६२ मध्येच दाखविला होता; २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल शेपली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना मिळाले ते याच परंपरेतील कार्यासाठी. रीत सोपी आहे. विद्यार्थ्याने पसंतीक्रम लिहावा, प्राध्यापकानेही लिहावा. प्रत्येक अर्ज प्रथम पहिल्या पसंतीकडे जातो. प्राध्यापक आपल्या मर्यादेइतके अर्ज तात्पुरते राखून ठेवतो, उरलेले पुढच्या पसंतीकडे जातात. अधिक पसंतीचा अर्ज नंतर आला तर आधीचा सुटतो. अखेरीस, आपापली जोडी सोडून परस्परांकडे जाण्यास दोघेही उत्सुक आहेत, असे विद्यार्थी-प्राध्यापक उरत नाहीत.

तथापि पसंती लिहावयाची तर माहिती हवी, आणि खरी अडचण तीच आहे. आपल्या प्राध्यापकांनी कशावर काम केले आहे, हे तीन वर्षे त्यांच्या वर्गात बसलेल्यांनाही ठाऊक नसते. मते जुळली पाहिजेत असे मुळीच नाही. लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तीतच आपला मतभेदही नोंदविला. चलनाचा प्रश्न मात्र दोघांच्याही जिव्हाळ्याचा होता.

पीएच.डी.साठी आयोगाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार अशी विद्यार्थिसंख्येची मर्यादा घातली आहे. पदवीच्या प्रकल्पांनाही महाविद्यालयाने आपली मर्यादा ठरवून घ्यावी. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या अभ्यासविषयाचे अर्ध्या पानाचे टिपण सूचनाफलकावर लावावे, आणि पसंतीपत्रे भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना निदान तिघांना भेटणे सक्तीचे करावे. दाराशी घुटमळणाऱ्याला आत जाण्यास तेवढे निमित्त पुरते.