परसात चतुर यावेत म्हणून

पावसाळ्यात नांदेडला गोदाकाठी किंवा लातूरच्या माळावर पिवळसर चतुर थव्याने घिरट्या घालताना तुम्ही पाहिले असतील. डास हे त्यांचे भक्ष्य. त्यांची पिल्ले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. असा पाहुणा परसात यावा असे कोणाला वाटणार नाही? पण उडणाऱ्या चतुराला खालचे पाणी ओळखू कसे येते?

याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. सूर्यप्रकाशातील कंपने किरणाला लंब अशा सर्व दिशांनी होतात. पाण्यावरून प्रकाश परावर्तित झाला की त्यात आडवी कंपने अधिक उरतात. हा ध्रुवित प्रकाश. किरण लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून पाण्यावर पडला, तर परावर्तित प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये हा नियम मांडला. आपल्याला हा फरक दिसत नाही, चतुराला दिसतो. म्हणूनच तो फसतोही. चकचकीत मोटारीलाच पाणी समजून मादी तिच्यावर अंडी घालू पाहते!

आता आपले तळे करू. त्यासाठी मोठे काळे घमेले घ्या. पांढऱ्या तळावरून परतणारा प्रकाश ध्रुवण फिके करतो. काळ्या तळाने ते ठळक होते. घमेले उन्हात ठेवा. पाण्यात दगड, थोडी पाणवनस्पती आणि पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दोन-तीन काड्या असू द्या. काडीवर चतुर बसेल आणि पूर्ण वाढलेले पिल्लू तिच्यावरच चढून कात टाकेल. मासे सोडू नका, ते पिल्ले खातात. कीटकनाशकही नको.

मात्र एक हिशेब विसरू नका. उन्हाळ्यात डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो. चतुराला निदान पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे सुरुवातीला डासच पुढे! तेव्हा दर चार दिवसांनी चहाच्या गाळणीने डासांच्या अळ्या काढून कोरड्या मातीवर टाका. चतुराची पिल्ले गाळणीत आली तर परत सोडा. हे जमणार नसेल तर घमेले ठेवूच नका.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईत घरोघर टिपाडे भरून ठेवतात, आणि डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. चतुर येतील या भरवशावर टिपाड उघडे ठेवू नका, ते झाकाच.

एक प्रयोग करा. काळे व पांढरे घमेले शेजारी ठेवा. रोज दुपारी दहा मिनिटे कोणत्या घमेल्यावर किती चतुर उतरतात ते वहीत मांडा. महिन्याने आकडे काय सांगतात?