पोलाद वाहतं कसं?

छत्तीसगडमधल्या उतईहून भिलाईचा पोलाद कारखाना जवळच. पहिली झोतभट्टी १९५९ सालची. देशभरातल्या रेल्वेचे बहुतेक रूळ इथले. रुळात अशुद्धीचा बारीकसा कण राहिला, तरी तडा तिथूनच सुरू होण्याची भीती.

सुमारे १६०० अंश सेल्सिअसचं वितळलेलं पोलाद साच्यात पडण्याआधी टंडिश नावाच्या हौदातून जातं. तिथे ते जरा रेंगाळलं, तर कण वर येऊन मळीत मिसळतात. थेट भोकाकडे धावलं, तर कण पोलादातच अडकतात. आत डोकावायची सोय नाही. म्हणून अभियंते पारदर्शक हौदात चक्क पाणी सोडून प्रवाह बघतात. घनतेच्या मानाने पाहिलं, तर वितळलेल्या पोलादाची श्यानता साध्या पाण्याइतकीच भरते!

दुसरा मार्ग संगणकाचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जन्मलेलं ओपनफोम हे प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर २००४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. हौदाचे लहान लहान कप्पे पाडायचे आणि प्रत्येकात प्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं सोडवायची. नवशिक्यांचं पहिलं उदाहरण ठरलेलं: १० सेंटिमीटरची चौकोनी पोकळी, ४०० कप्पे, वरचं झाकण सेकंदाला १ मीटर वेगाने सरकतंय. लॅपटॉपला हे किरकोळ.

खऱ्या टंडिशला मात्र लाखो कप्पे लागतात. कप्प्याची बाजू निम्मी केली की कप्पे आठपट. काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं, नाहीतर प्रवाह एका पावलात कप्पा ओलांडून पुढे जातो. काम झालं सोळापट! मग महासंगणक हवा. हौदाचे तुकडे शेकडो प्रोसेसर-कोअरना वाटले जातात आणि दर पावलाला शेजारचे तुकडे सीमेवरचे आकडे एकमेकांना कळवतात. तुकडे फार बारीक केले, तर हिशोबापेक्षा निरोपानिरोपीतच वेळ जातो. कोअर वाढवले की भागलं, असं मानणाऱ्यांनी हे एकदा मोजून पाहावं.

अनेक व्यावसायिक पॅकेजेस कोअरगणिक शुल्क लावतात. ओपनफोममध्ये तो मीटर नाही. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की समीकरण उघडून बदलता येतं. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ओपनफोम चित्रफितींतून फुकट शिकवतो. विद्यार्थ्यांनी सोडवलेली उदाहरणंही तिथे सर्वांना खुली आहेत.

पडद्यावरच्या रंगीत चित्रांवर मात्र लगेच भाळू नये. खळबळाटाचं प्रारूप बदललं की चित्रही बदलतं. म्हणून उत्तर पाण्याच्या हौदाशी ताडून पाहतात: एका टोकाला रंग सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला तो किती सेकंदांनी निघतो, ते घड्याळ लावून मोजायचं.